फीत बांधलेलं मशीन

आमच्या प्रयोगशाळेत नवं पीसीआर मशीन आलं त्या दिवशी त्याच्यासमोर नारळ फोडला, पेढे वाटले, आणि मग त्याला लाल फीत बांधून सहा महिने कोणालाही हात लावू दिला नाही. कारण उद्घाटन व्हायचं होतं.

मी तेव्हा मॉलिक्युलर मेडिसिनमध्ये एम.एस्सी. करत होते. दुसरं वर्ष होतं. कॉलेज वाघोलीच्या पुढे, नगर रस्त्याच्या कडेला, एका उसाच्या शेतानंतर आणि दोन अर्धवट इमारतींच्या अलीकडे. आम्ही राहायचो कोथरूडला. म्हणजे रोज शहराच्या एका टोकाला बसमध्ये चढून दुसऱ्या टोकाला उतरायचं, मध्ये स्टेशनला बस बदलायची. जाऊन येऊन साडेतीन तास. त्या साडेतीन तासांत मी इतकी पुस्तकं वाचली, की शिक्षण नक्की कॉलेजमध्ये झालं की बसमध्ये, हा प्रश्न मला अजून पडतो.

आमच्या सोसायटीत त्या काळी सगळी मुलं कॉम्प्युटरला जात होती. ज्यांना जमत होतं ती जात होतीच, पण ज्यांना जमत नव्हतं तीही जात होती, आणि मग त्यांना जमायचं. सकाळी सोसायटीच्या फाटकाशी हिंजवडीच्या गाड्या उभ्या असायच्या, गळ्यात ओळखपत्रं अडकवलेली मुलं त्यांत चढायची. मी त्यांच्या शेजारून पिशवी खांद्याला लावून बसस्टॉपकडे चालत जायचे. समोरच्या काकूंनी मला एकदा जिन्यात थांबवून विचारलं, की हे जे तू करतेस त्याने शेवटी डॉक्टर होणार ना? मी नाही म्हटलं. मग नावात मेडिसिन कसं, हा त्यांचा पुढचा प्रश्न. मी जमेल तसं सांगितलं, की रोग होतो तेव्हा पेशीच्या आत, जनुकांमध्ये काय बिघडतं ते आम्ही शिकतो. काकूंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "असू दे. आमचासुद्धा आधी केमिस्ट्रीलाच होता, आता हिंजवडीला जातो. अजून वेळ गेलेली नाही."

तर मशीन. ज्यांचा याच्याशी काही संबंध नाही त्यांच्यासाठी सांगते. माणसाच्या रक्तातून डीएनए काढला, की तो इतका थोडा असतो की त्यातला एखादा तुकडा बघायचा म्हटलं तर काही दिसत नाही. म्हणून त्या तुकड्याच्या लाखो प्रती काढायच्या. त्यासाठी करंगळीच्या पेराएवढ्या ट्यूबमध्ये तो डीएनए आणि चार-पाच रसायनं घालायची, आणि ती ट्यूब तापवायची, थंड करायची, पुन्हा तापवायची. असं पस्तीस वेळा. हे तापवणं आणि थंड करणं करतं ते पीसीआर मशीन. आकाराने मिक्सरच्या खोक्याएवढं. आमच्या विषयात त्याच्याशिवाय पान हलत नाही.

आधीचं एक मशीन होतं. ते तापायचं, पण थंड व्हायचं विसरायचं. त्याच्याबद्दल पुढे बोलणारच आहे.

माझा प्रबंधाचा विषय होता वारंवार गर्भपात होणाऱ्या बायका. काही जणींच्या रक्तात गुठळ्या होण्याची प्रवृत्ती असते आणि त्यामागे एका जनुकातला छोटासा बदल असू शकतो. आपल्याकडच्या बायकांमध्ये तो किती जणींत सापडतो, ते मला बघायचं होतं. गणपती संपल्यापासून नाताळपर्यंत आठवड्यातून दोन दिवस मी एका सरकारी दवाखान्याच्या स्त्रीरोग विभागाबाहेर बाकावर बसायचे. आत गेलेली बाई बाहेर आली की तिला विषय समजावायचा, कागदावर सही किंवा अंगठा घ्यायचा, आणि सिस्टरकडून पाच मिलिलिटर रक्त. तीनदा, चारदा मूल गमावलेली बाई. तिच्याशी मी "अभ्यासासाठी" असा शब्द वापरून बोलायचे आणि दर वेळी तो शब्द तोंडात जड व्हायचा. तरी बहुतेक जणी हो म्हणाल्या. चार महिन्यांत शेहेचाळीस जणी. शेहेचाळीस हा आकडा मोठा नाही, पण तो मी एकेक करून जमवला होता, आणि प्रबंध एप्रिलअखेर द्यायचा होता. तो दिला तर जूनमध्ये एका संशोधन संस्थेत मला घेणार होते. नाही दिला तर सहा महिने थांबा, आणि जागा काही माझ्यासाठी थांबणार नव्हती.

जुन्या मशीनवर मी नोव्हेंबर, डिसेंबर दोन्ही महिने घालवले. ट्यूब घालायच्या, तीन तास बसायचं, काढायच्या, तपासायच्या, आणि काही नाही. पुन्हा घालायच्या, आणि पुन्हा काही नाही. प्रत्येक खेपेला थोडा थोडा डीएनए संपत होता. आणि याच सगळ्या काळात, माझ्यापासून चार हातांवर, नवं मशीन टेबलावर फीत बांधून बसलं होतं. त्याच्यावर धूळ बसू नये म्हणून आमचे शिपाई मामा रोज सकाळी ते फडक्याने पुसायचे.

उद्घाटन का होत नव्हतं, त्याची कारणं प्रत्येक वेळी वेगळी आणि प्रत्येक वेळी सबळ होती. आमच्या संचालकांना मंत्रीच हवे होते. मंत्र्यांना गणपतीत वेळ नव्हता. गणपती संपल्यावर पितृपक्ष लागला, त्यात शुभकार्य नको. सूक्ष्मजीवशास्त्रातली डॉक्टरेट असलेले संचालक मीटिंगमध्ये हे गंभीर चेहऱ्याने म्हणाले आणि सगळ्यांनी गंभीर चेहऱ्याने वहीत लिहून घेतलं. पितृपक्षानंतर निवडणुका जाहीर झाल्या आणि आचारसंहिता लागली. माझं मशीन आचारसंहितेत अडकलं हे मी घरी सांगितलं, तेव्हा वडिलांनी वर्तमानपत्र खाली ठेवून माझ्याकडे बघितलं आणि मग परत वर घेतलं. निवडणुका झाल्यावर कळलं, की ते मंत्री आता मंत्री नाहीत. त्यांचं नाव कोरलेली संगमरवरी कोनशिला मात्र तयार होती. ती भिंतीकडे तोंड करून जिन्याखाली ठेवली गेली आणि नवीन पाहुण्यांचा शोध सुरू झाला.

जानेवारीत मी माझ्या गाइडकडे, म्हणजे आमच्या मॅडमकडे गेले. मॅडम पेठेतल्या. शब्द मोजून वापरायच्या आणि मोजलेल्यांतलेही काही परत घ्यायच्या. मी त्यांना सांगितलं की असंच चाललं तर माझा प्रबंध होणार नाही. त्या पेपर तपासत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "ते मशीन वापर असं मी तुला सांगितलेलं नाही."

त्यांनी पुढचा पेपर ओढला.

"वापरू नको असंही सांगितलेलं नाही. मंगळवार-गुरुवार मी दिवसभर वर्गावर असते. भिंतीपलीकडचं मला दिसत नाही. संचालकांना तर अलीकडचंही दिसत नाही."

राहता राहिली फीत. ती मशीनच्या चारही बाजूंनी फिरवून वर मोठा फुलासारखा बो बांधलेला होता. झाकण उघडायचं तर ती सोडायला हवी, आणि सोडलेली फीत पुन्हा तशीच बांधणं माझ्याच्याने होणार नव्हतं. हा प्रश्न मामांनी सोडवला. मामा वाघोलीजवळच्याच गावातले, निवृत्तीला आलेले, प्रयोगशाळेची किल्ली त्यांच्या करदोट्याला. त्यांनी थोडा वेळ मशीनकडे बघितलं आणि म्हणाले, "ताई, सोडायची कशाला? सरकवायची. खोक्याला दोरी असती ना, तशी हाय ती." आणि दोन्ही हातांनी त्यांनी ती फीत बो न सोडता अलगद कोपऱ्यावरून वर ओढून काढली आणि शेजारच्या बाटलीला घातली. काम झालं की परत मशीनला. मामा फीत चढवताना बोच्या पाकळ्या बोटांनी नीट फुलवायचेसुद्धा.

असं मी जानेवारी-फेब्रुवारीत मंगळवार-गुरुवार चोरून काम केलं. नवं मशीन सुंदर चालत होतं. दोन महिन्यांत तीस जणींचं काम झालं. उरल्या सोळा. या सोळा म्हणजे ज्यांचा डीएनए जुन्या मशीनने जवळजवळ संपवला होता त्या. प्रत्येकीच्या ट्यूबच्या तळाशी एकदाच पुरेल एवढंच उरलं होतं. म्हणून त्या मी मागे ठेवल्या होत्या. हात बसू दे, मग करू, असं म्हणत.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात, बुधवारी, नोटीस लागली. उद्घाटन गुरुवारी सकाळी अकरा वाजता. पाहुणे, एक निवृत्त वरिष्ठ सनदी अधिकारी.

गुरुवार माझा दिवस होता. शिवाय उद्घाटन झालं की मशीनला वही लागणार, वहीत नाव लिहायचं, संचालकांची सही घ्यायची, पाच विद्यार्थी रांगेत, हे मला स्पष्ट दिसत होतं. त्या सोळा ट्यूब गुरुवारी सकाळीच, समारंभाआधी उरकाव्यात असं मी ठरवलं. एका रनला, म्हणजे पस्तीस वेळा तापून थंड व्हायला, दोन तास चाळीस मिनिटं लागतात. आठला सुरू केलं तर अकराच्या आत संपतं. पण स्टेशनला बस आली नाही आणि मी ट्यूब भरून बटण दाबलं तेव्हा नऊ वाजून दहा मिनिटं झाली होती. म्हणजे अकरा पन्नास. मी मामांना विचारलं. ते म्हणाले, अकराचं म्हणजे साडेबारा समजायचं, बारा तर कुठंच न्हाई गेलं. मलाही तसंच वाटत होतं. दोन वर्षांत मी तिथे सात-आठ समारंभ पाहिले होते आणि एकही पाहुणा तासाभराच्या आत आलेला पाहिला नव्हता. मामांनी चालू मशीनवर अलगद फीत चढवली. मशीन चालू असल्याचं दाखवणारा पुढचा छोटा पडदा बोच्या पाकळीखाली झाकला गेला.

समारंभांना मी नेहमी हसायचे. पण ते उशिरा सुरू होतात यावर मात्र माझी पूर्ण श्रद्धा होती, आणि सोळा बायकांचं उरलंसुरलं मी त्या श्रद्धेवर ठेवलं.

पाहुणे अकराला दहा कमी असताना आले. निवृत्त होते. त्यांना दुसरं काही काम नव्हतं. पायऱ्या चढता चढता त्यांनी घड्याळ पाहिलं आणि आपल्यामुळे कोणाचा खोळंबा तर झाला नाही ना, असं विचारलं. स्वागताला तेव्हा फक्त रांगोळी होती. संचालक आतून कोट घालत धावत आले. गुच्छ अजून रस्त्यात होता, फोटोग्राफर कॅमेऱ्यात रोल भरत होता. वेळ काढायचा म्हणून संचालकांनी पाहुण्यांना आधी प्रयोगशाळेतच आणलं. अकरा वाजून पाच मिनिटांनी सगळे आत. मी टेबलाशेजारी उभी. मॅडम दारात.

मला बोलता आलं असतं. पाहुणे भले गृहस्थ होते. मशीन चालू आहे, पाऊण तास थांबा, असं कोणी सांगितलं असतं तर बहुधा त्यांना आनंदच झाला असता. पण ते सांगायचं म्हणजे उद्घाटनाआधी मशीन वापरलं हे कबूल करायचं, आणि मग मॅडम, मामा, सगळेच त्यात ओढले जाणार. मी हे सगळं त्या मिनिटात विचार करून ठरवलं, असं म्हणायला आवडेल. खरं म्हणजे मला भीती वाटली.

पाहुण्यांनी फीत कापली. टाळ्या झाल्या. मग त्यांनी मशीनवर तळहात ठेवला. "गरम लागतंय हे," ते म्हणाले. "चालू आहे का?"

"नाही साहेब," संचालक म्हणाले. "नवीन आहे."

पाहुण्यांनी मान हलवली. सनदी सेवेत त्यांनी यापेक्षा वाईट उत्तरं ऐकली असणार. मग संचालकांनी त्यांच्या हाताने एक बटण दाबवलं. चालू मशीनवर ते बटण दाबलं की ते थांबतं. ते थांबलं.

इथवर झालं असतं तरी निभावलं असतं. अर्धवट राहिलेला रन बरेचदा पुढे चालवता येतो. पण संचालकांनी फोटोची तयारी केली होती. पाहुणे स्वतःच्या हाताने पहिला नमुना घालतायत, असा फोटो वर्तमानपत्रासाठी हवा होता. साधं पाणी फोटोत दिसत नाही म्हणून काचेच्या भांड्यात लाल शाई घालून पाणी तयार ठेवलं होतं. संचालकांनी मशीनचं झाकण उघडलं आणि आत माझ्या सोळा ट्यूब ओळीने बसलेल्या दिसल्या. त्यांचा चेहरा खुलला. माझ्याकडे वळून पाहुण्यांना म्हणाले, की आमच्या विद्यार्थिनीने सगळी तयारी करून ठेवली आहे. मग मला म्हणाले, "झाकणं उघड. अकरा उघड. अकरा शुभ."

मी झाकणं उघडली. स्वतःच्या हाताने, एकेक करून, अकरा. पाहुण्यांना पिपेट, म्हणजे थेंब मोजून सोडायचं उपकरण, कसं धरायचं तेही मीच दाखवलं. ते फार लक्षपूर्वक शिकले. पहिल्या ट्यूबमध्ये त्यांनी लाल पाणी सोडलं, फ्लॅश उडाला. मग संस्थेच्या अध्यक्षांनी एक, त्यांच्या पत्नीने एक, कार्यकारिणीच्या सदस्यांनी एकेक. अकरावी संचालकांनी. दारात उभ्या असलेल्या मॅडमनी चष्मा काढून पुसायला घेतला आणि तो बराच वेळ पुसत राहिल्या.

चहाच्या वेळी मॅडम माझ्याजवळ आल्या. त्यांनी फक्त किती, एवढंच विचारलं. मी सांगितलं अकरा. कोणत्या, ते त्यांनी विचारलं नाही. "पाच आहेत ना अजून? त्या आधी पूर्ण कर," म्हणाल्या. "रडायचं असेल तर नंतर. ट्यूबमधल्या एंझाइमला वेळेची किंमत असते, आपल्यासारखं नसतं त्याचं."

हॉलमध्ये भाषणं चालू असताना मी त्या पाच ट्यूब परत लावल्या. पाचही जमल्या. म्हणजे पस्तीस झाल्या. पस्तिसावर प्रबंध देता आला असता. मॅडमही तसंच म्हणाल्या, की प्रबंधात इतकंच लिही, उरलेले नमुने खराब झाले. असं सगळेच लिहितात.

पण मला ते लिहिता येईना. वहीत त्या अकरा जणींचे पत्ते होते. मी अकरा पोस्टकार्डं टाकली, की पुन्हा एकदा रक्त हवं आहे, सोमवारी किंवा शुक्रवारी दवाखान्यात या. मार्चचे उरलेले सोमवार आणि शुक्रवार मी त्याच बाकावर बसले. कोणी येईना. प्रबंध लिहायचा सोडून मी तिथे काय करते आहे, असं वडिलांनी एकदा विचारलं, तरी पुढच्या शुक्रवारी मी गेलेच. मूल गमावलेल्या बाईला पोस्टकार्ड पाठवून पुन्हा सुई टोचून घ्यायला बोलवायचं, यात निर्लज्जपणा आहे हे मला कळत होतं. मशीनवर, संचालकांवर, शाईवर मी महिनाभर मनातल्या मनात संतापत होते. त्या बाकावर बसलं की तो संताप कोणावर काढायचा तेच कळेनासं व्हायचं.

शेवटी तिघी आल्या. दोघींनी काही विचारलं नाही. तिसरी येरवड्याची होती, घरी शिवणकाम करायची. पोस्टकार्ड हातात घेऊनच आली होती.

"मागल्या टायमाला दिलं होतं की मी," ती म्हणाली. "त्याचं काय झालं?"

मी म्हटलं, ते खराब झालं.

"कसं काय?"

मी तिला सगळं सांगितलं. मशीन, फीत, पाहुणे, लाल पाणी. सांगताना ते इतकं हास्यास्पद वाटत होतं की मला वाटलं ती हसेल. ती हसली नाही.

"आणि तुम्ही कुठं होता?"

"तिथंच. झाकणं मीच उघडली."

तिने पोस्टकार्ड घडी करून पर्समध्ये टाकलं, बाही वर केली आणि सिस्टरसमोर हात ठेवला. "घ्या," ती म्हणाली. "पण आता कुणाला हात लावू देऊ नका त्याला."

तिघींच्या ट्यूब मी एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात लावल्या. वहीत नाव, संचालकांची सही, सगळं रीतसर. मशीनशेजारी स्टूल घेऊन बसले. तासाभराने संचालक दोन पाहुण्यांना घेऊन आले. आता ते येईल त्याला मशीन दाखवायचे. झाकणाकडे हात नेत मला म्हणाले, जरा उघडून दाखव.

मी स्टुलावरून उठले नाही. म्हणाले, "नाही सर. चालू आहे. मध्ये उघडता येणार नाही."

दोन वर्षांत मी त्यांना नाही म्हटल्याचं मला आठवत नव्हतं. त्यांनाही नसावं. ते पाहुण्यांकडे वळले. "आमच्याकडे संशोधन असं अखंड चालू असतं," असं त्यांना सांगून ते त्यांना चहाला घेऊन गेले.

तिघींचंही जमलं. प्रबंध वेळेत गेला, जूनमध्ये नोकरीही लागली. प्रबंधात मी अडतीस लिहिलं. उरलेल्या आठांसाठी मॅडमनी सुचवलेलं वाक्य मी शेवटी घातलंच, की काही नमुने तांत्रिक कारणांमुळे वापरता आले नाहीत. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी ते वाचलं, मान हलवली आणि पान उलटलं.